जुनी लक्झरी कार आणि ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ : सही करण्याआधी हे गणित करा



धंदा जरा रुळावर आला, दोन-चार मोठे क्लायंट मिळाले, की डोक्यात एक विचार हमखास येतो. आता गाडी बदलायला हवी. क्लायंटच्या ऑफिससमोर चांगल्या गाडीतून उतरलो तर आपली किंमत वाढेल. मग मोबाइलवर शोध सुरू होतो आणि डोळे विस्फारतात. नवी घ्यायची तर ७०-८० लाखांची गाडी, सात वर्षं जुनी घेतली तर २०-२२ लाखांत! म्हणजे नव्या चांगल्या एसयूव्हीच्या पैशांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू नाहीतर ऑडी.

मनात धाकधूक असतेच. बिघडली तर? तिथेच सेल्समनचं ठरलेलं वाक्य येतं, “साहेब, काळजी कशाला करता? एक्स्टेंडेड वॉरंटी आहे ना!”

आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. जुनी लक्झरी कार घेऊ नका, असं मी म्हणत नाही. वॉरंटी म्हणजे फसवणूकच, असंही नाही. पण ती नक्की कशाची हमी देते, कशाची देत नाही आणि धंदेवाल्या माणसाला ती कुठे गोत्यात आणू शकते, हे सही करण्याआधी कळायला हवं. कारण इथे पणाला लागतं ते तुमचं खेळतं भांडवल.

गाडीची किंमत उतरते, दुरुस्तीची उतरत नाही

सगळ्यात आधी ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ८० लाखांची गाडी सात वर्षांनी २२ लाखांना मिळते. पण तिचा गिअरबॉक्स, तिचं सस्पेन्शन, तिचे हेडलाइट हे २२ लाखांच्या गाडीचे होत नाहीत. ते ८० लाखांच्या गाडीचेच राहतात. पार्ट बहुतेक वेळा बाहेरून मागवावा लागतो, बसवायला त्या कंपनीचं खास स्कॅनर लागतं आणि तासाची मजुरीही त्याच दर्जाची असते.

आणि बिघडतं काय? काही नेहमीचे यशस्वी कलाकार आहेत, ते ओळखून ठेवा.

पहिला, एअर सस्पेन्शन. मर्सिडीजची एअरमॅटिक यंत्रणा असो की रेंज रोव्हरची, गाडी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी फुग्यांवर उभी असते. वर्षं गेली की रबराला बारीक भेगा पडतात, हवा निसटते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि मग तोही जातो. म्हणजे एका बिघाडातून दुसरा.

दुसरा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ऑडी-फोक्सवॅगन गटाच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये ‘मेकाट्रॉनिक’ नावाचं युनिट असतं. गिअर कधी, कसा बदलायचा हे ते ठरवतं. ते गेलं की गाडी जागेवरून हलायला तयार नसते.

तिसरा, टायमिंग चेन. बीएमडब्ल्यूचं एन४७ नावाचं डिझेल इंजिन बऱ्याच ३ आणि ५ सिरीज गाड्यांत होतं. त्याची चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. चेन स्वस्त असेलही, पण तिथपर्यंत पोचायला जी खोलाखोल करावी लागते, तिचंच बिल मोठं.

शिवाय टर्बो, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, डिझेल गाडीतला धूर गाळणारा फिल्टर आहेतच. म्हणून जुन्या लक्झरी कारमध्ये प्रश्न ‘बिघडेल का’ हा नसतो. ‘कधी बिघडेल आणि तेव्हा पैसे कोण देईल’ हा असतो.

वॉरंटी नक्की कोण देतंय?

आपण ‘वॉरंटी’ हा एकच शब्द वापरतो, पण त्याच्यामागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात.

१. उत्पादक कंपनीची मूळ वॉरंटी. नव्या गाडीबरोबर येते, ठरावीक वर्षांनी संपते. सात वर्षं जुन्या गाडीवर ती सहसा उरलेली नसते.

२. उत्पादक कंपनीच्या सर्टिफाइड योजनेतली वॉरंटी. बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस अशा योजना आपल्याकडे आहेत. इथे गाडी तपासून, अटींसह वॉरंटी मिळते. त्या गाड्या बाजारापेक्षा महाग वाटतात, त्याचं एक कारण हेच.

३. डीलरची स्वतःची वॉरंटी. लेटरहेडवर किंवा बिलावर दोन ओळी लिहिलेल्या असतात. ती डीलर जितका भक्कम, तितकीच भक्कम. उद्या शोरूमचं शटर खाली आलं तर वॉरंटीही खाली आली.

४. तिसऱ्याच कंपनीचा करार. डीलर फक्त विकतो, क्लेम मंजूर करणारी कंपनी वेगळी असते. तुमचा करार तिच्याशी असतो आणि तिला तुम्ही कधी भेटलेलाही नसता.

सेल्समन चौघांनाही ‘कंपनीची वॉरंटी आहे’ असंच म्हणतो. तुमचा पहिला प्रश्न असा हवा, ‘कुठल्या कंपनीची? करारावर सही-शिक्का कोणाचा?’

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे गोव्यातल्या एका प्रकरणातून कळतं. तिथल्या एका ग्राहकाला डीलरने २०११ ची नवी कार म्हणून पैसे घेतले आणि प्रत्यक्षात २००९ साली बनलेली, आधी चाललेली गाडी पुढे केली. प्रकरण ग्राहक मंचापासून थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की उत्पादक कंपनीला (इथे टाटा मोटर्सला) या प्रकाराची माहिती होती असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून डीलरच्या कृत्याची जबाबदारी तिच्यावर टाकता येणार नाही. कंपनी आणि डीलर यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं होतं. जबाबदार डीलरच.

ती तर कंपनीच्या अधिकृत डीलरकडची गाडी होती. मग हायवेवरच्या मल्टिब्रँड शोरूमने दिलेल्या शब्दासाठी जर्मनीची कंपनी धावून येईल, ही आशा कशाच्या जोरावर?

वॉरंटीवाल्याचा धंदा कसा चालतो?

आपण उद्योजक आहोत, तर समोरच्याचं बिझनेस मॉडेल समजून घेऊ.

वॉरंटी विकणारा शंभर जणांकडून पैसे घेतो. त्यातून डीलरचं कमिशन जातं, ऑफिसचा खर्च जातो, जीएसटी जातो. जे उरतं त्यातून क्लेम द्यायचे असतात आणि वर नफाही कमवायचा असतो. म्हणजे सरासरी काढली तर शंभर जणांना मिळून जितकं परत मिळतं, ते त्यांनी भरलेल्या पैशांपेक्षा कमीच असणार. यात लबाडी काही नाही, विम्याचंही असंच असतं.

पण नफा वाढवायचे दोन मार्ग असतात. जास्त वॉरंट्या विकणं किंवा कमी क्लेम देणं. पहिलं काम जाहिरात करते, दुसरं काम अटी करतात. म्हणून जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘संपूर्ण संरक्षण’ आणि करारात बारीक अक्षरांत वगळलेल्या गोष्टींची दोन पानं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत जुन्या गाड्यांचे असे करार विकण्याचा फार मोठा व्यवसाय आहे. तिथली कारशील्ड ही जाहिरातींमुळे घराघरांत पोचलेली कंपनी. बिघडलेली गाडी आमच्या प्लॅनमध्ये दुरुस्त होईल, असं चित्र ती रंगवायची. प्रत्यक्षात अनेक दुरुस्त्या करारात बसत नव्हत्या, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. जुलै २०२४ मध्ये कंपनीने १ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. इतकं कडक नियमन असलेल्या देशात ही स्थिती, तर आपण डोळे उघडे ठेवायलाच हवेत.

क्लेम नेमका कुठे अडकतो?

आता करार हातात घेऊ. या आठ जागा बोट ठेवून वाचा.

झीज. ‘वेअर अँड टेअर’ म्हणजे वापरामुळे होणारी झीज जवळपास प्रत्येक करारात वगळलेली असते. ब्रेक पॅड, टायर, वायपर समजू शकतो. पण सात वर्षं जुन्या गाडीत झीज आणि बिघाड यातली रेघ कोण ओढणार? एअर सस्पेन्शनचा रबरी फुगा फाटला हा बिघाड की रबर म्हातारं झालं ही झीज? तुम्ही म्हणाल बिघाड, ते म्हणतील झीज. म्हणून तुमच्या मॉडेलचे महागडे पार्ट करारात नावानिशी आहेत का, ते बघा.

रकमेची मर्यादा. एका क्लेमला कमाल इतके, वर्षभरात कमाल इतके. गिअरबॉक्सचं बिल चार लाख आणि मर्यादा दीड लाख, तर वरचे अडीच लाख तुमचे.

खोलून बघण्याचा खर्च. बिघाड कुठे आहे हे कळायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ‘आधी खोला, मग आम्ही ठरवू’ असं वॉरंटीवाले म्हणतात. क्लेम मंजूर झाला तर ठीक. नाकारला तर खोलायचे आणि परत बसवायचे पैसे तुमच्या माथी.

आधी मंजुरी. मंजुरीशिवाय काम सुरू केलं की क्लेम गेला. नाशिकला जाताना कसारा घाटात गाडी बंद पडली आणि जवळच्या मेकॅनिककडून घाईने काम करून घेतलं, तर नंतर बिल दाखवून उपयोग होत नाही.

सर्व्हिसचा इतिहास. प्रत्येक सर्व्हिस वेळेवर आणि ठरलेल्या वर्कशॉपमध्येच झाली पाहिजे, अशी अट असते. आधीच्या मालकाने एक सर्व्हिस बाहेर केली असेल आणि ती नोंद नसेल, तर त्याच्या आळसाची किंमत तुम्ही मोजता.

आधीपासूनचा दोष. गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांत बिघाड झाला की उत्तर तयार असतं, ‘हा दोष आधीपासून होता.’ काही करारांत तर सुरुवातीचे काही दिवस क्लेमच करता येत नाही. म्हणजे धोका सर्वाधिक असतो, नेमके तेच दिवस कोरडे.

किलोमीटर आणि छेडछाड. मीटर मागे फिरवलेला आढळला, इंजिनचा ईसीयू रीमॅप केलेला निघाला किंवा वायरिंग कापून बाहेरचा स्क्रीन बसवलेला असला, तर वॉरंटी रद्द. हे तुम्ही केलेलं नसलं तरी. बाहेरच्या राज्यातल्या गाडीबाबत जास्त सावध राहा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला. तेव्हापासून तिथल्या बऱ्याच डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. गाडी चांगलीही असेल, पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नोंदणी आणि जुना सर्व्हिस रेकॉर्ड हे सगळं तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.

पावसाचं पाणी. हा आपल्याकडचा खास धोका. मुंबईत मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात गाडी घातली, इंजिनात पाणी शिरलं, तर वॉरंटीवाले म्हणतात, ‘हे बाहेरचं कारण, इन्शुरन्सकडे जा.’ इन्शुरन्सवाले विचारतात, ‘इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन घेतलं होतं का?’ घेतलं नसेल तर दोन्ही दारं बंद. लक्षात ठेवा, विमा हा अपघात, चोरी, पूर अशा गोष्टींसाठी असतो. वॉरंटी ही आतून होणाऱ्या बिघाडासाठी असते. दोघांच्या मधल्या फटीत इंजिन अडकलं की खर्च आपला.

चला, कागदावर हिशोब मांडू

नुसतं बोलून उपयोग नाही. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे आकडे टाका.

समजा, सांगलीतल्या एका इंटिरियर डिझायनरने २२ लाखांना जुनी लक्झरी कार घेतली. एक वर्षाची वॉरंटी १,२०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २१,६००. एकूण १,४१,६००. करारात एका क्लेमची मर्यादा १,५०,००० रुपये.

सहाव्या महिन्यात एअर सस्पेन्शन बसलं. पुढचे दोन स्ट्रट आणि कॉम्प्रेसर बदलावा लागला. बिल २,८०,०००. क्लेम पूर्णपणे मंजूर झाला, काहीही खळखळ नाही. वॉरंटीने दिले १,५०,०००. खिशातून गेले १,३०,०००.

आता बेरीज करा. वॉरंटीचे १,४१,६०० अधिक खिशातले १,३०,००० म्हणजे २,७१,६००. वॉरंटी नसती तर गेले असते २,८०,०००.

वाचले किती? ८,४०० रुपये.

तेही क्लेम सगळ्यात चांगल्या पद्धतीने मंजूर झाला तेव्हा. बिघाड झालाच नसता तर १,४१,६०० गेलेच होते. क्लेम झीज म्हणून नाकारला असता तर एकूण ४,२१,६०० गेले असते.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघू. त्याच वर्षी गिअरबॉक्सही गेला असता आणि दुसरा क्लेमही मंजूर झाला असता, तर आणखी १,५०,००० मिळाले असते. तेव्हा वॉरंटी फायद्याची ठरली असती. किंवा क्लेमची मर्यादा गाडीच्या किमतीइतकी असती, तर पहिल्याच बिलात १,३८,४०० वाचले असते. म्हणजे वॉरंटी चांगली की वाईट हे तिच्या नावावर किंवा किमतीवर ठरत नाही. मर्यादा आणि वगळलेली यादी यांवर ठरतं.

आणि एक खर्च असा आहे, जो कुठल्याच बिलात दिसत नाही. पार्ट बाहेरून येईपर्यंत गाडी तीन आठवडे वर्कशॉपमध्ये उभी. त्या काळात कर्जाचा हप्ता चालू, साइटवर जायला कॅबचा खर्च चालू, वर वर्कशॉपचे हेलपाटे. दुसरी गाडी मिळेल असं करारात लिहिलेलं नसेल, तर या दिवसांचे पैसे कोणी देत नाही. नोकरदाराला हा मनस्ताप असतो, धंदेवाल्याला तो थेट तोटा असतो.

गाडी धंद्यासाठी वापरणार असाल तर आणखी तीन गोष्टी

एक, भाड्याने देणार का? लग्नसराईत नवरदेवासाठी लक्झरी कार भाड्याने देणं हा बऱ्याच जणांच्या डोक्यातला बिझनेस आहे. आयडिया वाईट नाही. पण खासगी गाडीच्या वॉरंटीत ‘भाड्याने किंवा प्रवासी वाहतुकीसाठी वापर’ हा बहुतेक वेळा वगळलेला असतो. शिवाय पांढऱ्या पाटीची खासगी गाडी परमिटशिवाय भाड्याने फिरवणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि अशा वेळी अपघात झाला तर विम्याचा क्लेमही अडचणीत येतो. इन्स्टाग्रामवर स्वतःच्या गाडीची भाड्याची जाहिरात टाकायची आणि गाडी बिघडली की खासगी म्हणून क्लेम करायचा, असं चालत नाही. हा धंदा करायचाच असेल तर परमिट, पिवळी पाटी, व्यावसायिक विमा हे सगळं धरून भाडं ठरवा. तरीही परवडत असेल तर पुढे जा.

दोन, तुम्ही ‘ग्राहक’ आहात का? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यावसायिक हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरला जात नाही. अपवाद असा की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो ग्राहकच. मग कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीज गाड्यांच्याच एका प्रकरणात सांगितलं की कंपनीने संचालकाच्या वापरासाठी गाडी घेतली, एवढ्यावरून ती ‘व्यावसायिक हेतूने’ घेतली असं होत नाही. गाडीचा नफा कमावण्याशी थेट संबंध आहे का, हे बघितलं जातं. म्हणजे संचालकाला फिरायला घेतलेली गाडी वेगळी आणि भाड्याने लावायला घेतलेल्या पाच गाड्या वेगळ्या. गाडी कोणाच्या नावावर, कशासाठी, हे खरेदीच्या वेळीच स्पष्ट ठेवा.

तीन, जीएसटी परत मिळेल या भ्रमात राहू नका. साध्या प्रवासी गाडीवर आणि तिच्या दुरुस्ती-देखभालीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट टॅक्स क्रेडिट सर्वसाधारणपणे मिळत नाही. प्रवासी वाहतुकीसारख्या काही व्यवसायांना सूट आहे. वर हिशोबात २१,६०० रुपये जीएसटी मी खर्चातच धरला, तो यासाठी. तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते सीएला गाडी घेण्याच्या आधी विचारा, नंतर नाही.

वॉरंटी घ्यायचीच असेल, तर हे करा

- पूर्ण करार टोकन देण्याआधी मागा. माहितीपत्रक नको, करार हवा. ‘तो नंतर मेलवर येईल’ असं उत्तर मिळालं तर टोकनही नंतरच द्या.
- क्लेम मंजूर कोण करतं, त्या कंपनीचं नाव लिहून घ्या.
- एका क्लेमची आणि वर्षाची मर्यादा, आणि प्रत्येक क्लेममागे तुम्ही भरायची रक्कम लिहून घ्या.
- गिअरबॉक्स, टर्बो, एअर सस्पेन्शन, टायमिंग चेन, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल हे पार्ट नावानिशी आत आहेत का, ते बघा.
- खोलण्याचा खर्च आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च कोणाचा, ते विचारा.
- कुठल्या वर्कशॉपमध्ये काम चालेल, ते तपासा. सोलापूरला राहता आणि मान्य वर्कशॉप फक्त पुण्यात, तर ते गणित वेगळं.
- गाडीची तपासणी डीलरच्या माणसाकडून नको. त्या ब्रँडवर काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून करून घ्या, स्कॅन रिपोर्टसह. काही हजार रुपये जातील, पण ‘दोष आधीपासून होता’ या उत्तराला तुमच्याकडे कागद राहील.
- सेल्समनने तोंडी दिलेला प्रत्येक शब्द व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि ‘बरोबर आहे ना?’ असं विचारा. उत्तर जपून ठेवा.
- जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ करणारा उद्या वॉरंटीचं काय करेल, ते ओळखा.

वॉरंटीला पर्याय : दुरुस्ती फंड

दुसरा मार्गही आहे. वॉरंटीचे १,४१,६०० रुपये वेगळ्या खात्यात टाका आणि दर महिन्याला १०,००० त्यात भरा. वर्षाअखेर २,६१,६०० जमतात. गाडी बिघडली तर तुम्ही ठरवाल त्या वर्कशॉपमध्ये, हवा तो पार्ट टाकून, कोणाच्या मंजुरीची वाट न बघता काम होतं. नाही बिघडली तर पैसे तुमचेच.

याची कमजोर बाजूही सांगतो. पहिल्याच महिन्यात चार लाखांचा गिअरबॉक्स गेला तर फंड पुरणार नाही. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा. उद्या सकाळी चार लाखांचं बिल आलं, तर पगार, कच्चा माल आणि हप्ते न थांबवता मी ते भरू शकतो का?

उत्तर ‘हो’ असेल तर फंड पुरे आहे, वॉरंटी ऐच्छिक. उत्तर ‘नाही’ असेल तर बहुतेक जण म्हणतात, म्हणूनच तर वॉरंटी घेतोय! पण मित्रांनो, वर बघितलं ना, वॉरंटीत आठ ठिकाणी क्लेम अडकू शकतो. अडकला तर बिल तुमचंच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जी गाडी फक्त वॉरंटीच्या भरवशावर परवडते, ती परवडत नाही. एक पायरी खाली या. सर्टिफाइड योजनेतली, कमी वयाची, साध्या सस्पेन्शनची गाडी घ्या किंवा वर्षभर थांबा. क्लायंट तुमचं काम बघून पुन्हा येतो, बॉनेटवरचा लोगो बघून नाही.

क्लेम नाकारला तर?

हातपाय गाळू नका. नकार लेखी मागा, कराराचं कुठलं कलम लागू केलं त्याच्या क्रमांकासह. फोनवरचा नकार म्हणजे काहीच नाही. स्वतंत्र मेकॅनिकचा रिपोर्ट घ्या, जुना पार्ट आणि फोटो जपून ठेवा. मग डीलर आणि वॉरंटी कंपनी दोघांना लेखी नोटीस द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं इथेच हलतात.

तरी हललं नाही, तर ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, ‘बघू, करू’ म्हणत ती घालवू नका.

आपल्या धंद्यासाठी यातून काय शिकायचं?

उद्या तुम्हीही वॉरंटी द्याल. सोलर वॉटर हीटर विका, फर्निचर बनवा, मोबाइल दुरुस्त करा, गिऱ्हाईक विचारणारच, ‘गॅरंटी काय?’ तेव्हा तीन गोष्टी पाळा. जे कव्हर होत नाही ते पहिल्या पानावर लिहा. मराठीत लिहा, गिऱ्हाइकाला कळेल असं लिहा. आणि प्रत्येक विक्रीमागे थोडी रक्कम क्लेमसाठी बाजूला काढा, म्हणजे शब्द पाळायची वेळ आली की कारणं शोधावी लागणार नाहीत. सहा महिन्यांची पाळलेली वॉरंटी ही तीन वर्षांच्या टाळलेल्या वॉरंटीपेक्षा जास्त गिऱ्हाइकं आणते.

तुम्ही जुनी लक्झरी कार बघत असाल, तर आज रात्री एवढंच करा. एक कोरा कागद घ्या आणि वरच्या हिशोबात तुमच्या गाडीची किंमत, तुमच्या वॉरंटीची मर्यादा आणि तुमच्या बँकेतली शिल्लक हे तीन आकडे टाका. कागद काय सांगतो ते ऐका, मग शोरूमला जा. हा हिशोब कमेंटमध्ये टाकलात तर पुढच्या व्हिडिओत त्यातली काही उदाहरणं आपण मिळून सोडवू.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत विचार करून खर्च करा आणि जोमाने धंदा करा!